मनमिळाऊ, निर्व्यसनी आणि सिबिल खराब

पाथर्डी ते नगर या पट्ट्यात ज्याचं लग्न झालंय आणि तरी ज्याला गोरक्षनाथ नाना माहीत नाहीत, त्याने आपलं लग्न खरंच लागलंय ना, याची एकदा खात्री करून घ्यावी. नवरदेवाला त्या दिवशी मुंडावळ्यांमुळे बायको धड दिसलेली नसते, कॅमेरेवाल्यामुळे सासरा दिसलेला नसतो. पण नानांचा आवाज मात्र जन्मभर कानात राहिलेला असतो.

नाना लग्नात माईकवर बोलतात. मंगलाष्टकं भटजींकडे, पंगत आचाऱ्याकडे आणि या दोहोंच्या मधे जे काही उरतं ते सगळं नानांकडे. कोण आलं, कोण वाटेत आहे, कुणी फेटा बांधून घ्यायला स्टेजजवळ यावं, कुणाची पांढरी गाडी पाण्याच्या टँकरला आडवी लागलीय, कुणाचं लेकरू आईसक्रीमपाशी रडतंय. "आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेले आहे..." एवढं नानांनी म्हटलं, की मांडवाच्या दारातला माणूस पोट आत घेतो, मिशीवरून बोट फिरवतो आणि पावलं सावकाश टाकायला लागतो. नाव पुरं व्हायच्या आत खुर्ची यायला नको ना!

ही विद्या नाना कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत. आईवडील ऊसतोडीला जायचे तेव्हा लहानगा गोरख बरोबर असायचा. पहाटे फडात मुकादमाला कोयत्यांची नावं पुकारायची असत. कोयता म्हणजे नवराबायकोची एक जोडी. मुकादमाचा घसा थंडीने बसलेला, म्हणून तो या पोराला पाचटाच्या ढिगावर उभं करायचा. गोरखने तेव्हाच एक गोष्ट पाहून ठेवली होती. नुसतं "ए, तू" म्हटलं तर माणूस वाकलेलाच राहतो. बापाच्या नावासकट अख्खं नाव घेतलं, की त्याचा कणा आपोआप ताठ होतो. तेव्हापासून नाना भेटेल त्याला आधी वडिलांचं नाव विचारतात. "कशाला?" असं कुणी म्हटलं, तर "असू द्या, लागतं" म्हणतात.

इथवर सगळं छान होतं. घोटाळा झाला तो विशेषणांनी.

नुसतं नाव घेऊन नानांचं समाधान होईना. भावाशी दहा वर्षं अबोला धरलेल्या माणसाला त्यांनी 'मनमिळाऊ' केलं. मांडवामागे जाऊन तोंडातला ऐवज थुंकून आलेल्या माणसाला 'निर्व्यसनी' केलं. मनमिळाऊ आणि निर्व्यसनी एवढी वाटली, की तालुक्यात त्या दोन्ही गोष्टींची टंचाई आहे हे बाहेरच्याला खरं वाटलं नसतं. आणि मग ही मंडळी दुसऱ्या दिवशी नानांच्या दारात यायची. "नाना, पतसंस्थेतून जरा कर्ज काढतोय. जामीनदार पायजे."

आता काल ज्याला दोन हजार माणसांसमोर 'शब्दाला जागणारे' म्हटलं, त्याला आज अंगणात 'नाही' कसं म्हणायचं? नाना सही करायचे. हनुमंताच्या पिकअप टेम्पोला केली, कल्याणच्या डीजेला केली. दोघांनीही हप्ते थकवले. संस्थेच्या नोटिसा नानांकडे येत राहिल्या, पण हंगामात नानांकडे लग्नपत्रिकाच एवढ्या येतात की त्या नोटिसाही हळदीकुंकू लागून पत्रिकांच्या गठ्ठ्यात जाऊन बसल्या. शेवटी हनुमंताचा टेम्पो आणि कल्याणचे डीजेचे बॉक्स संस्थेने उचलून नेले, उरलेल्या रकमेचा डाग तिघांच्याही नावावर पडला, आणि नानांना त्याचा पत्ताच नव्हता. माणसाला ताप आला तर कळतं. सिबिल उतरलं तर कळत नाही.

ते कळलं घर शोधताना.

नानांची लेक ज्ञानेश्वरी नगरला नर्सिंगला लागली होती. पहिले काही महिने वर्गातले, ते एसटीने जाऊन-येऊन निभावले. (शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, पण कंडक्टर अजून "नगर, नगर, नगर" असंच ओरडतो.) पण तुळशीचं लग्न उरकलं, आणि कॉलेजने सांगितलं की पुढच्या महिन्यापासून हॉस्पिटलात सकाळी सातची ड्युटी. पहिली एसटी नगरला पोचते तोवर आठ वाजून गेलेले असतात. हॉस्टेल भरलेलं. तीन वेळा उशीर झाला की घरी पाठवतात, असं सीनियर पोरींनी सांगून ठेवलेलं.

"घर बघा नगरला," झुंबरबाई म्हणाल्या. झुंबरबाई म्हणजे नानांच्या मंडळी. नाना माईकवर जेवढं बोलतात, तेवढंच त्या घरात बोलतात. फक्त विशेषणं वापरत नाहीत. "न्हाईतर पोरगी घरी बसंल आन् पुढच्या हंगामात तुमीच तिच्या लग्नात माईकवर उभं ऱ्हाताल."

नाना दोघींना घेऊन निघाले. सावेडीत एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाहुणे फार येतात का हो तुमच्याकडे?"

नाना खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "तसे न्हाई. वळखीचे म्हनाल तर चार-पाच हजार."

दार लागलं.

भिंगारमध्ये दुसरं घर पाहिलं. त्या मालकांना नानांनी मागच्याच वर्षी पुतणीच्या लग्नात 'दानशूर व्यक्तिमत्त्व' म्हटलं होतं. त्यांनी सहा महिन्यांचं डिपॉझिट आधी मागितलं आणि चहा विचारला नाही.

तिसरं घर केडगावात. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, ओटा, नळ, समोर गच्चीचा तुकडा. ज्ञानेश्वरीने पाच मिनिटांत कुठल्या खिडकीत अभ्यास करायचा ते ठरवूनही टाकलं. तिथून हॉस्पिटल चालत जाण्यासारखं होतं. झुंबरबाईंनी नळ सोडून पाहिला, पाणी आलं, आणि त्यांनी नानांकडे बघून फक्त एकदा मान हलवली. त्या मानेला नाना फार मानतात.

मालक खाली राहत. नाव आबासाहेब ठुबे, मूळचे पारनेरचे, एका पतसंस्थेत वसुली अधिकारी म्हणून आयुष्य काढलेले आणि आता निवृत्त. चेहरा असा, की समोरच्याला आपण काहीतरी देणं लागतो असं उगाच वाटावं.

"नमस्कार साहेब. वडलांचं नाव?" नानांनी विचारलं.

"छगनराव. कशाला?"

"असू द्या, लागतं."

आबासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "भाडं वेळेवर देणार?"

"शंभर टक्के."

"तसं सगळेच म्हणतात. सिबिल दाखवा."

"भाड्याच्या घराला सिबिल?"

"मागचा भाडेकरू फार गोड बोलायचा. जाताना गिझर घेऊन गेला. तेव्हापासून मी बोलणं बघत नाही, सिबिल बघतो."

ज्ञानेश्वरीने बापाचा मोबाईल घेतला, नंबर टाकला, ओटीपी टाकला. पडद्यावर एक अर्धगोल उगवला. एका टोकाला हिरवा, दुसऱ्या टोकाला लाल. काटा लालाच्या कोपऱ्यात जाऊन उभा होता, पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "हे तर नापासाच्या पण खाली हाय."

"कर्ज काढलं होतं?" आबासाहेबांनी विचारलं.

"जन्मात न्हाई."

"मग जामीन राहिला असाल."

"त्ये ऱ्हायलोय. थोडंसं."

"किती जणांना?"

नाना छताकडे बघायला लागले. आबासाहेबांनी तो छताकडे बघणारा चेहरा नोकरीत इतक्यांदा पाहिला होता की त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही. "माणूस वाईट वाटत नाही तुम्ही. पण मी माणसावर घर देत नाही. सिबिल चांगलं असलेले दोन जामीनदार आणा. रविवारपर्यंत खोल्या थांबवतो. सोमवारी दुसरे लोक बघायला येणार आहेत."

परतीच्या एसटीत नगर सुटलं. झुंबरबाई सुरू झाल्या. "साऱ्या जिल्ह्याचं स्वागत केलं. आता दोन सह्या आना."

"आनतो की. माझ्या शब्दाखातर कुनीबी यील."

पहिल्यांदा हनुमंत. त्याने नानांना बाजेवर बसवलं, चहा पाजला, बिस्किटं पुढे केली, डोळ्यांत पाणीही आणलं. "नाना, तुमच्यासाठी जीव दीन. पन माझं सिबिल तुमच्यापरास खराब हाय. माझं खराब झालं म्हून तर तुमचं झालं ना!"

यात खोट काढायला जागा नव्हती. नाना चहा संपवून उठले.

मग कल्याण. त्याच्या धाकट्या बहिणीचं, स्नेहलचं लग्न त्याच रविवारी होतं आणि माईकवर अर्थातच नाना होते. "नाना, आमच्या घरात शपथ घातलीय. कुनालाबी जामीन ऱ्हायचं न्हाई."

"कवा घातली?"

"तुमचं बघितल्यावर."

आणखी चार-दोन मनमिळाऊ पाहून झाले. एकाचं पोट दुखायला लागलं, एक ज्या दारातून बोलत होता त्याच दारातून गावाला निघून गेला. शुक्रवारी संध्याकाळी नाना घरी येऊन ओसरीवर बसले, तेव्हा ज्ञानेश्वरी पिशवीत पांढरा गणवेश इस्त्री करून ठेवत होती. बोलली काहीच नाही. हे वाईट. ही पोरगी बडबडली म्हणजे सगळं ठीक असतं.

झुंबरबाई भाकरी थापता थापता बाहेर आल्या, पिठाच्या हातांनी. "गळ्याला हात लावा माज्या."

"आता काय?"

"लावा म्हनते ना! आन् म्हना, ज्याची मला सोताला खात्री न्हाई, ते माईकवर बोलनार न्हाई."

"अगं, त्यो धंदा हाय..."

"तुमच्या त्वांडातून बाहेर पडतं आन् सही हून माघारी येतं. लावा हात."

नानांनी हात लावला. गळ्याची शपथ म्हणजे आमच्याकडे कोर्टाच्या वरची गोष्ट. तिला अपील नसतं.

शनिवारी शपथेनंतरचं पहिलं लग्न होतं. लोकांना काय झालंय तेच कळेना. "आत्ताच आपल्यामध्ये माजी सरपंचांचे आगमन झालेले आहे." एवढं बोलून नाना थांबले. सरपंच पोट आत घेऊन उभे. मांडव वाट बघतोय. नाना खूप विचार करून म्हणाले, "ते आलेले आहेत." पुढे सोसायटीचे चेअरमन आले, त्यांना "हे वेळेवर आलेले आहेत" एवढंच मिळालं. जेवताना लोक एकमेकांना विचारत होते, नानांची तब्येत बरी नाही का?

आणि मग रविवार उजाडला. पाथर्डी रस्त्यावरचं लॉन्स, कल्याणच्या बहिणीचं लग्न. मुहूर्त टळायला आलेला, पण नवरदेव अजून परण्यावरच. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत घोड्यावरून यायचं, एवढंसं अंतर. पण करवल्या आणि मित्र पुढे नाचत होते आणि घोडा दोन पावलं पुढे, एक मागे असा चालला होता. अशा वेळी मांडव धरून ठेवणं हे नानांचं खरं काम. लोक अक्षता मुठीत घेऊन घामेजलेले, आचारी रागावलेला, भटजी घड्याळ बघतायत.

तेवढ्यात दारातून आबासाहेब ठुबे आत आले.

ते नवरदेवाच्या बाजूचे, लांबच्या नात्यातले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात आहेराचं पाकीट. ते दिसताच मांडवात एक वेगळीच हालचाल झाली. बाहेर लावलेल्या तीन मोटारसायकली चटकन लॉन्सच्या मागे गेल्या. ते ज्या रांगेत बसले तिथली दोन्हीकडची माणसं पाणी प्यायला म्हणून उठली ती परत आली नाहीत. एका माणसाने तर फेटा भुवयांपर्यंत खाली ओढला. आबासाहेब मधे, दोन्हीकडे रिकाम्या खुर्च्या; आणि त्यांना याची इतकी सवय, की त्यांनी शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवून दिली.

कल्याण धावत स्टेजवर आला आणि नानांच्या कानात म्हणाला, "नाना, त्याचं नाव घिऊ नका हं. माझे बॉक्स त्यानंच न्हेले हुते. अर्धा मांडव उठून जाईल."

नानांच्या हातात माईक होता. आणि मनात काय होतं म्हणाल, तर केडगावच्या दोन खोल्या. ओटा, नळ, खिडकी. उद्या सोमवार. जिभेवर विशेषणं नुसती रांग लावून उभी होती: 'कर्तव्यदक्ष', 'थोर मनाचे', 'गोरगरिबांचे कैवारी'. एक जरी सोडलं असतं तरी काम झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी समोर पाहिलं. बायकांच्या पहिल्या रांगेत झुंबरबाई बसल्या होत्या. त्यांनी काही केलं नाही. नुसता आपला हात उचलून गळ्यावर ठेवला.

नानांनी घसा साफ केला.

"आत्ताच आपल्यामध्ये केडगावहून श्री. आबासाहेब छगनराव ठुबे यांचे आगमन झालेले आहे."

आबासाहेबांनी झटकन मागे वळून पाहिलं, दुसरा कोणी आबासाहेब आलाय का.

"यांच्याविषयी मला जास्त माहिती नाही," नाना पुढे म्हणाले. "जेवढी खात्रीची आहे, तेवढी सांगतो. परवा यांनी मला घर भाड्याने दिलं नाही. का, तर माझं सिबिल खराब आहे. मंडळी, ते खरोखर खराब आहे. माझ्या मुलीने मोबाईलवर स्वतः बघितलेलं आहे."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"ते कशानं खराब झालं, ते या मांडवातल्या दोघांना चांगलं माहीत आहे. त्यांची नावं मी घेत नाही. एक जण जेवायला वाढणार आहे, आणि दुसऱ्याच्या बहिणीचं लग्न आहे."

आता मात्र मांडव फुटला. हनुमंत वरणाची बादली घेऊन आडोशाला गेला. कल्याण एकदम स्टेजच्या तोरणाची गाठ तपासायला लागला.

"आबासाहेब आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी येऊन गेलेले आहेत. बोलावणं नसताना." पुन्हा हशा. "पण मला जे बोलले ते तोंडावर बोलले, गोड करून बोलले नाहीत. आज मात्र ते बोलावून आलेले आहेत, पाहुणे म्हणून आलेले आहेत. तरी वधूपक्षाच्या वतीने चिरंजीव कल्याण यांनी त्यांना फेटा बांधावा, अशी मी विनंती करतो."

माईकवर एकदा नाव पुकारलं की फेटा बांधावाच लागतो; तिथे वैर चालत नाही. कल्याण तोंड कसनुसं करून पुढे झाला. आबासाहेब उठले, पण चालायचं कसं हेच त्यांना कळेना. पोट आत घ्यायला ते विसरले. फेटेवाला डोक्याभोवती गुलाबी फेटा गुंडाळत असताना मागून एक म्हातारा ओरडला, "नाना, त्यास्नी इचारा, माझी यमयेटी फटफटी कुठं हाय?"

नानांना काही कळायच्या आत आबासाहेबांनी माईककडे मान वाकवली. "लिलावात गेली, बाबा. किंमत चांगली आली."

म्हातारा स्वतःच इतका हसला की त्याला ठसका लागला आणि त्याच्या सुनेला पाणी आणावं लागलं. त्यानंतर आबासाहेब परत येऊन बसले तेव्हा शेजारची पिशवी त्यांना मांडीवर घ्यावी लागली. खुर्ची भरली होती.

एवढ्यात घोडा पोचला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. नाना माईक बंद करून कोपऱ्यात पाणी पीत होते. आबासाहेब तिथे आले. फेटा तसाच डोक्यावर.

"नोकरीला लागल्यापासून लग्नांना जातोय," ते म्हणाले. "आहेर देतो, जेवतो, येतो. माईकवर नाव कधी आलं नव्हतं." त्यांनी फेटा चाचपला. "वडिलांच्या नावासकट तर नाहीच."

नाना म्हणाले, "त्ये असू द्या, साहेब. जामीनदार काय मिळाले न्हाईत. सगळीकडं फिरलो."

"मला माहीत होतं मिळणार नाहीत. मी काय आज ओळखतो लोकांना?" आबासाहेबांनी फेट्याचा शेमला मागे टाकला. "पण स्वतःची थकबाकी माईकवर वाचून दाखवणारा माणूस मी नोकरीत पाहिला नाही. खोल्या घ्या तुम्ही. भाडं पाच तारखेला."

"आन् जामीन?"

"तो मी बघितलाय. पाच तारीख चुकली तर मी तुमच्या दारात येणार नाही. तुमचं पुढचं लग्न जिथे असेल तिथे येईन, आणि दोन मिनिटं माईक मागून घेईन."

नानांनी बंद माईक छातीशी धरला. टेम्पो न्या, भांडी न्या, पण माईक? ते म्हणाले, "साहेब, चार तारखेलाच दीन."

झुंबरबाई तोपर्यंत येऊन उभ्या राहिल्या होत्या. "गिझराचं काय? थंडीचं दिस हायेत. पोरगी पाटंचं अंघूळ करती."

"बसवतो," आबासाहेब म्हणाले. "जाताना मोजून घेईन मात्र."

"घ्या की. आमी ठिवूनच जाऊ."

हनुमंताने सामान उसन्या टेम्पोने आणून टाकलं आणि भाडं घेतलं नाही. शिवाय त्याने आणि कल्याणने महिन्याच्या महिन्याला संस्थेत काहीतरी भरायला सुरुवात केली आहे, असं ऐकतो. खात्री नाही, म्हणून नाना ते माईकवर सांगत नाहीत. ज्ञानेश्वरी सकाळी साडेसहाला पांढरा गणवेश घालून जिन्यावरून खाली उतरते आणि बडबडत उतरते, अख्ख्या गल्लीला जाग येईल एवढं.

आणि दर महिन्याला, पाच तारखेच्या आधीच, नाना पाकीट घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहतात.

"आत्ताच आपल्यामध्ये या महिन्याच्या भाड्याचे आगमन झालेले आहे..."

खालून आबासाहेबांचा आवाज येतो, "मोठ्यानं! शेजारच्या भाडेकरूलाही ऐकू जाऊ द्या."